महापालिका कर्मचारी आणि आरोग्य विम्याचे विकल्पपत्र : एक अभ्यास

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची चूल आजही नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या पगारावर पेटते. सफाई कामगार, बिगारी, मुकादम, वॉर्डबॉय, आया, शिपाई, लिपिक आणि अलीकडच्या पिढीत अभियंते व वैद्यकीय अधिकारीसुद्धा. नोकरी लागली की पगार, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांची चौकशी प्रत्येक जण करतो. आजारपणाची तरतूद काय आहे, हे मात्र बहुतेकांना पहिल्यांदा कळते ते रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी. प्रस्तुत लेखकाने एका महापालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षे काढली. त्या खिडकीपाशी उभे असलेले सहकारी पाहिले आणि पुढे स्वतःही तेथे उभे राहावे लागले. म्हणून हा विषय स्मरणिकेसाठी निवडला.

निमित्त घडले ते राळेगणसिद्धी येथे. माझी भाची त्या गावी दिली आहे. पारनेर तालुका मूळचा दुष्काळी, त्यामुळे तेथील अनेक घरांतील माणसे पूर्वीपासून मुंबई-पुण्यास पोटासाठी गेलेली. जावईबापूही एका महापालिकेत आरोग्य खात्यात कामाला आहेत. आई मात्र गावीच राहते. वय एकाहत्तर, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. जेवणे झाल्यावर भाचीने एक कागद पुढे केला. "मामा, सोमवारी द्यायचाय. तुम्ही बघा ना एकदा."

ते गट आरोग्य विम्याचे विकल्पपत्र होते. विकल्प 'अ' म्हणजे कर्मचारी, पती किंवा पत्नी आणि दोन अपत्ये, मिळून वर्षाला पाच लाखांचे संरक्षण, पगारातून कपात नाही. विकल्प 'ब' म्हणजे त्यात आईवडिलांचा समावेश आणि दरमहा साडेसातशे रुपये कपात. विकल्प 'क' म्हणजे योजनेत सहभागी न होता स्वतःचा वैयक्तिक विमा काढणे व त्याच्या हप्त्याची ठरावीक मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती घेणे. जावईबापूंनी शिसपेन्सिलीने 'अ'पुढे खूण केलेली होती. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "वर्षाला नऊ हजार जातात मामा. आजारी पडलं नाही तर ते वायाच ना?"

हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्यातील बहुतेक माणसे असाच विचार करतात. उत्तर त्याच गावात सापडते. राळेगणसिद्धीच्या पाणलोटाच्या कामाची कीर्ती सर्वत्र आहे, परंतु तेथील धान्य बँकेविषयी फारसे बोलले जात नाही. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याने बँकेत धान्य घालावे, ज्याच्या घरात नड आली त्याने ते न्यावे आणि पीक आल्यावर थोडी भर घालून परत करावे, अशी ती रीत. विम्याचे मूळ हेच आहे. अनेकांनी थोडेथोडे साठवायचे आणि ज्याच्यावर वेळ आली त्याने त्यातून घ्यायचे. फरक एवढाच की विम्यात नेलेले परत करावे लागत नाही, आणि म्हणूनच न नेणाऱ्याचेही परत मिळत नाही. ज्याचा हप्ता "वाया" गेला, त्याचे वर्ष निरोगी गेले, इतकाच त्याचा अर्थ.

तथापि, कोठारात धान्य घातले एवढ्याने भागत नाही. किल्ली कोणाकडे आहे, माप कोणते आहे आणि उद्या आपल्याला दारात उभे करतील की नाही, हे पाहावे लागते. विकल्प निवडण्याचा सारा अभ्यास या तीन गोष्टींचा आहे.

कोठार कोणाचे?

आपल्या राज्यात या बाबतीत वेगवेगळ्या रीती आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांनुसार खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, म्हणजे आधी आपण भरायचे व नंतर बिल सादर करून मंजुरीची वाट पाहायची. पुणे महानगरपालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना वेगळी आहे. तेथे कर्मचाऱ्याच्या पगारातून अंशदान कापले जाते आणि मान्यताप्राप्त रुग्णालयातील मान्य दराच्या खर्चापैकी ९० टक्के भार महापालिका उचलते. पिंपरी चिंचवड महापालिकेने २०१५ मध्ये धन्वंतरी स्वास्थ्य योजना सुरू केली, तिचाही पाया अंशदानाचाच. या दोन्ही ठिकाणी पुढे प्रशासनाने हे काम विमा कंपनीकडे सोपवण्याचा विचार पुढे आणला आणि दोन्ही ठिकाणी कामगार संघटनांनी त्यास विरोध केला.

हा विरोध केवळ सवयीचा होता असे म्हणून चालणार नाही. मुंबई महापालिकेचे उदाहरण सर्वांसमोर होते. तेथे २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी पाच लाखांच्या संरक्षणाची गट विमा योजना सुरू झाली आणि हप्त्याच्या रकमेवरून मतभेद होऊन २०१७ मध्ये ती थांबली. त्यानंतर ती पुन्हा सुरू करा, ही मागणी संघटना वर्षानुवर्षे करीत राहिल्या. ज्यांच्या हातांनी केईएम आणि नायर चालतात, त्यांनाच स्वतःच्या उपचाराची चिंता करावी लागली.

असे का घडते? गट विमा हा एका वर्षाचा करार असतो. वर्षभरात जमा झालेल्या हप्त्यापेक्षा दाव्यांवर जास्त रक्कम गेली, तर कंपनी पुढील वर्षी हप्ता वाढवून मागते. महापालिकेचा कर्मचारीवर्ग वयस्क, त्यातही कचरा, गटार आणि धूळ यांत राबलेला. क्षयरोग, दमा, त्वचारोग, पाठीचे दुखणे त्यांच्यात अधिक. दावे वाढणारच. वाढीव हप्ता मान्य झाला नाही तर करार संपतो आणि बुधवारी विमा असलेला माणूस गुरुवारी उघड्यावर येतो. महापालिकेच्या स्वतःच्या निधीत असे एका रात्रीत होत नाही. परंतु तेथेही दोष आहेत. रुग्णालयांची बिले थकली की ती रुग्णालये दाखल करून घेण्यास नाखूश होतात, आणि दर मान्य यादीपेक्षा जास्त असला तर वरचा फरक आपल्या खिशातून जातो.

आणखी एक भेद सहसा कोणी सांगत नाही. विमा कंपनीने दावा नाकारला आणि तिच्याकडे तक्रार करूनही तीस दिवसांत दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क पडत नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, आणि गट विम्याचा सभासदही तेथे जाऊ शकतो. महापालिकेच्या स्वतःच्या योजनेला मात्र हा लोकपाल लागू नाही. तेथे अर्ज, विनंती, आयुक्त आणि संघटना हाच मार्ग.

मापाचा प्रश्न

पाच लाख हा आकडा पाहून आपण सुखावतो. खरे माप आत बारीक अक्षरांत असते. सर्वांत जास्त माणसे फसतात ती खोलीभाड्याच्या मर्यादेत, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

समजा तीन लाखांचा विमा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. रुग्णाला ६,००० रुपये भाड्याची खोली मिळाली व तो चार दिवस राहिला. बिल असे झाले : खोलीभाडे २४,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा ८०,०००, औषधे व तपासण्या ४०,०००, आणि हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे न मिळणाऱ्या बाबी ६,०००. एकूण दीड लाख. आपल्याला वाटते, खोलीचे जास्तीचे १२,००० आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसे होत नाही. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचा आकारही निम्माच मान्य होतो, कारण रुग्णालये खोलीच्या दर्जाप्रमाणे हे दर लावतात असे धरलेले असते. म्हणजे खोलीचे १२,०००, शस्त्रक्रिया वगैरेचे ४०,००० आणि औषधे व तपासण्यांचे पूर्ण ४०,०००, मिळून ९२,००० रुपये. उरलेले ५८,००० रुपये रुग्णाने भरायचे. विमा तीन लाखांचा, बिल दीड लाखाचे, तरी घरातले डोरले गहाण पडते.

जावईबापूंच्या विकल्पपत्रासोबत माहितीपत्रक होते, त्यात खोलीभाड्याची ओळ शोधली. "सर्वसाधारण खोली" एवढेच लिहिलेले. ते किती रुपयांपर्यंत, हे कोठेच नाही. अशा वेळी आस्थापना विभागातील लिपिकाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. मी स्वतः लिपिक होतो, म्हणून हे सांगतो.

मापातील इतर बाबी थोडक्यात. दाव्यातील दहा किंवा वीस टक्के आपण भरायचे असा सहभागाचा नियम काही योजनांत, विशेषतः आईवडिलांसाठी, असतो. मोतीबिंदू, गुडघा अशा शस्त्रक्रियांना वेगळी कमाल मर्यादा असते. दाखल होण्यापूर्वीचा व घरी आल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसांपर्यंतच मिळतो. रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक विम्यांत मुळीच नसतो. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णाचा वर्षभराचा खरा खर्च गोळ्यांचाच असतो. म्हणून महापालिकेच्या स्वतःच्या योजनेत दवाखान्यातून औषधे मिळत असतील, तर ती सोडून विम्याकडे जाताना हा हिशेब आधी मांडावा.

आईचे नाव

आता जावईबापूंचा मुख्य प्रश्न. आईचे नाव घालावे की नाही?

वैयक्तिक विमा नव्याने काढला तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो, पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. एकाहत्तर वर्षांच्या मधुमेही बाईसाठी तीन वर्षे थांबणे म्हणजे विमा असून नसल्यासारखाच. उलट बहुतेक गट विम्यांत पहिल्या दिवसापासून जुने आजार धरले जातात. एवढ्या एका कारणासाठी महिना साडेसातशे रुपये महाग नाहीत. तिच्या वयाला व आजारांना बाहेर पूर्ण हप्ता किती पडेल ते एकदा विचारून पाहावे, म्हणजे खात्री पटते.

याबरोबर शासकीय योजनांचाही विचार हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली व पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा प्रत्येक कुटुंबास वर्षाला पाच लाख करण्यात आली व पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांसह सर्व शिधापत्रिकाधारकांना ती खुली झाली. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील कोणाही नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे वेगळे कार्ड मिळते. आधार कार्ड पुरते. जावईबापूंच्या आईचे हे कार्ड काढलेलेच नव्हते! मुलगा आरोग्य खात्यात आणि आईचे कार्ड नाही, यावर भाचीने त्यांना जे ऐकवले ते येथे लिहीत नाही.

मग कार्ड असताना गट विमा कशाला? कारण ही कार्डे ठरावीक रुग्णालयांत व ठरावीक उपचारांसाठी चालतात. दोन्ही असली की एक अडले तर दुसऱ्या दारी जाता येते.

नोकरी संपल्यावर

येथे स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आमच्या महापालिकेच्या गट विम्यात मी बारा वर्षे होतो. एकही दावा केला नाही आणि त्याचा अभिमान बाळगला. वैयक्तिक विमा काढा असे एका तरुण सहकाऱ्याने दोनदा सांगितले होते. मी म्हणालो, ऑफिसचा आहे ना! अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि त्या महिन्याच्या अखेरीस विमा संपला. सात महिन्यांनी छातीत दुखले व हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत स्टेंट टाकावे लागले. उपदानाची रक्कम मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवली होती, तिच्यातून दोन लाख ऐंशी हजार गेले. लेखा विभागात बसून इतरांना हिशेब समजावणाऱ्या माणसाची ही गत.

म्हणून पन्नाशीच्या आत, शक्य तर पंचेचाळिशीतच, प्रकृती चांगली असताना लहानसा का होईना वैयक्तिक विमा सुरू करावा. त्याचा प्रतीक्षाकाळ नोकरीत असतानाच संपून जातो. दावे केले म्हणून कंपनी त्याचे नूतनीकरण नाकारू शकत नाही, आणि सलग साठ महिने झाल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. ज्यांना हे जमले नाही त्यांनी निवृत्तीपूर्वी आपल्या गट विम्याच्या कंपनीकडे वैयक्तिक विम्यात स्थलांतर मागावे. गटात काढलेल्या वर्षांचा प्रतीक्षाकाळासाठी लाभ धरण्याची तरतूद आहे, परंतु अर्ज संरक्षण चालू असतानाच करावा लागतो. मला ही तरतूद निवृत्तीनंतर कळली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे. ही सूट गट विम्याला दिलेली नाही.

ज्यांना विकल्पपत्रच मिळत नाही

बोलणे चालू असता जावईबापूंचे धाकटे बंधू शेजारी बसून ऐकत होते. तेही त्याच महापालिकेचे रस्ते झाडतात, पण ठेकेदारामार्फत. त्यांना कोणी विकल्पपत्र दिलेले नाही. पगार अठरा हजार.

त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो आपल्या इतिहासाशी जोडलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिची अंशदानाची पद्धत पाहण्यासारखी आहे. २०१९ पासून कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के घेतले जातात. म्हणजे अठरा हजार पगारावर कामगाराचे १३५ रुपये व ठेकेदाराचे ५८५ रुपये. त्यात कुटुंबाला, अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही, दवाखाना, औषधे व रुग्णालय मिळते. शिवाय आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, जो कोणत्याही साध्या मेडिक्लेममध्ये नाही. २०१७ पासून यासाठी वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे.

कागदावर पाहता धाकट्या भावाची सोय थोरल्यापेक्षा सरस आहे. फक्त ठेकेदाराने पैसे भरलेले असले पाहिजेत. धाकट्याने पगारचिठ्ठी काढून दाखवली. १३५ रुपयांची कपात होती. विमा क्रमांक मात्र तीन वर्षांत त्याला कोणी दिलेला नव्हता.

त्या रात्री तिघांचे काम वाटून झाले. जावईबापूंनी 'अ'पुढील खूण खोडरबराने पुसली व 'ब'पुढे शाईने केली. नवराबायकोसाठी तीन लाखांचा वैयक्तिक विमाही काढायचे ठरले. आईचे कार्ड काढण्याचे भाचीने अंगावर घेतले. मग आई, जी इतका वेळ भिंतीला टेकून गप्प होती, तिने विचारले, "त्या यादीत शिरूरचा एखादा दवाखाना हाय का? रात्रीचं पुण्याला कोण नेणार मला?"

यादी चाळली. सतरा पानांत शिरूर नव्हते, पारनेर नव्हते. सर्वांत जवळचे रुग्णालय पुण्यातले. एवढी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्या माणसांना दोन तासांत सुचली नव्हती.

माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात जी चळवळ झाली तिचे हे गाव. तेथेच बसून आम्ही जावईबापूंच्या नावाने अर्ज लिहिला. महापालिका व विमा कंपनी यांच्यातील मूळ कराराची प्रत, खोलीभाड्याची रुपयांतील मर्यादा, अहिल्यानगर जिल्ह्यातील व शिरूर तालुक्यातील रुग्णालयांची यादी, आणि सफाईच्या ठेकेदाराने कर्मचारी राज्य विम्याचे अंशदान भरल्याच्या चलनांच्या प्रती, एवढे चार मुद्दे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट सकाळी पारनेरहून आणून लावले. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, त्यातले अकरा झाले आहेत.